ऑटोमॅटिक गाडीचं गिअरतेल: पट्टी, डाग आणि वास

मुंबईत ऑटोमॅटिक गाड्या हौसेपेक्षा गुडघ्यांमुळे जास्त खपत असाव्यात. संध्याकाळी सातला भांडुपहून मुलुंडपर्यंत एलबीएस रोडने क्लच दाबत या, मग मी काय म्हणते ते कळेल. माझा डावा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा आम्ही जुनी गाडी काढली आणि सेकंडहँड होंडा सिटी घेतली, २०१२ची, पाच गिअरची ऑटोमॅटिक. ती मी चालवते आणि सून चालवते. आमचे हे मागे बसून पेपर वाचतात आणि सिग्नल सुटला की "सुटला" म्हणून सांगतात.

माझी नोकरी पालिकेच्या हॉस्पिटलात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. काहीही पातळ समोर आलं की आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग ते कागदावर कसं पसरतं ते बघायचं, ही सवय हाडात मुरली आहे. गाडी आल्यावर तीच सवय गिअरबॉक्सच्या तेलाला लागली. मी मेकॅनिक नव्हे, पण हे तेल तपासायला मेकॅनिक लागतही नाही. लागतो तो थोडा वेळ, सपाट जागा आणि हात काळे करायची तयारी.

इंजिन ऑइलची चौकशी सगळेच करतात, पेट्रोल पंपावरचा मुलगासुद्धा. गिअरबॉक्सच्या तेलाचं नाव कुणी काढत नाही. खरं तर ऑटोमॅटिक गाडीत तेच तेल इंजिनची ताकद चाकांकडे पोचवतं, तेच दाबाखाली येऊन आतल्या क्लचच्या प्लेटा आवळतं, तेच गिअरना वंगण देतं आणि तेच आतली उष्णता बाहेर कूलरकडे नेतं. एका तेलाकडे चार खाती. ट्रॅफिकमध्ये गाडी सरपटते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागात, तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. सायन सर्कलला अडकलेली गाडी पुण्याला एक्स्प्रेसवेने गेलेल्या गाडीपेक्षा किलोमीटर कमी दाखवेल, पण तिच्या तेलाने जास्त सोसलेलं असतं.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इंजिन थोडंफार तेल खातं. जुनं झालं की जरा जास्तच खातं. हा गिअरबॉक्स तेल खात नाही. त्यातलं तेल जळून जायला वाटच नाही, ते आतल्या आत फिरतं, कूलरमधून गार होऊन परत येतं. त्यामुळे पट्टीवर, म्हणजे तेलात बुडवून लेव्हल बघायच्या डिपस्टिकवर, लेव्हल कमी दिसली तर तीनच कारणं असतात: ते कुठून तरी गळतंय, मागच्या वेळी कुणी कमी भरलंय, किंवा तुम्ही चुकीच्या वेळी मोजलंय. "कमी आहे का, मग ओता थोडं" हा हिशेब इथे चालत नाही.

आधी पट्टी आहे का ते बघा

बॉनेट उघडण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. डॅशबोर्डच्या खणात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली, ते बहुधा कोरं करकरीत पडलेलं असतं. तुमच्या गाडीत नेमका कुठल्या जातीचा ऑटोमॅटिक आहे ते त्यात मिळेल.

एएमटी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. २०१४मध्ये मारुतीने सेलेरिओत तो आणला आणि मग सगळीकडे झाला. त्याच्या आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑइल असतं. मारुतीच्या एएमटीत त्या यंत्राच्या हायड्रॉलिक्ससाठी वेगळी छोटी टाकी असते, तिच्याकडे सर्व्हिसिंगला लक्ष द्यायला सांगा, झालं. ड्युअल क्लचवाल्या गाड्यांना घरी बघण्यासारखी पट्टी सहसा नसते. सीव्हीटीचं तेल वेगळं, रंग वेगळा, मोजायची रीत गाडीगणिक वेगळी. मी सांगते आहे ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, पट्टी असलेल्या गाड्यांचं. ज्यांना पट्टी नाही त्यांचं शेवटी थोडं सांगते.

पट्टी असेल तर ती इंजिन ऑइलच्या पट्टीशी गल्लत होणार नाही इतकी नीट ओळखून ठेवा. आमच्या सिटीत गिअरबॉक्सची पट्टी आखूड आहे आणि खाली गिअरबॉक्सच्या अंगालाच बसवलेली आहे, एअर फिल्टरच्या पाइपाआडून हात घालावा लागतो. काही गाड्यांत ती लांब असते आणि वरपर्यंत नळीतून येते. ही ओळख पंपावर उपयोगी पडते. तिथे एखादा उत्साही मुलगा भलतीच पट्टी उपसून "ऑइल कम है" म्हणाला तर बॉनेट बंद करून निघा. गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल गेलं तर पुढचं बिल कितीचं येईल ते मी इथे लिहीत नाही, रात्री झोप यायची नाही.

सपाट जागा, जुनं फडकं

मुंबईत सपाट जागा सापडणं हे अर्धं काम. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पाणी वाहून जावं म्हणून फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची बाटली अर्धी भरून फरशीवर आडवी ठेवा, आधी गाडीच्या लांबीच्या दिशेने, मग रुंदीच्या. आतलं पाणी कुठे धावतं ते बघा. फोनमध्येही लेव्हल दाखवणारं ॲप असतं. आमच्याकडे कोपऱ्यातली पाहुण्यांच्या गाडीची जागा तेवढी सरळ आहे. वॉचमनकाकांना सांगून सकाळी पंधरा मिनिटं ती मिळते. बेसमेंटमध्ये मात्र हे करू नका. इंजिन चालू ठेवावं लागतं आणि बंदिस्त जागेत तो धूर जीवघेणा असतो.

सामान फारसं नाही. टॉर्च. पांढरा टीपकागद. आणि फडकं, पण कुठलंही नाही: गॅरेजमध्ये हात पुसायला जे वेस्ट वापरतात, त्या सुताच्या गुंत्याने पट्टी पुसायची नाही. त्याचा एक धागा पट्टीबरोबर आत गेला तर तेलाच्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतो, आणि त्या वाटा खरोखरच बारीक असतात. मी ह्यांच्या सासऱ्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जुनं धोतर फाडून ठेवलंय. धुवून धुवून ते इतकं विरलंय की त्याला आता सुटायला धागाच उरला नाही.

आणखी एक, हे बायकांना मुद्दाम सांगते. ओढणी काढून ठेवा, पदर खोचा, केस बांधा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपणहून फिरायला लागतो. बांगड्या उतरवल्या तर उत्तम, बॅटरीही हाताशीच असते.

तेल तापवायचं, मग घड्याळ बघायचं

बहुतेकांचं मोजमाप इथे फसतं. तेल तापलं की फुगतं. सहा लिटर तेल ३० अंशांवरून ८० अंशांवर गेलं तर जवळजवळ पाव लिटर वाढतं, आणि पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नसतं. गार गाडीत पट्टी काढून, कमी दिसलं म्हणून ओतलं, तर तापल्यावर ते जास्त होणार हे उघड आहे. काही पट्ट्यांवर गार आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. गारची खूण फक्त अंदाजाला, तेल बदलल्यावर सुरुवात करून देण्यापुरती. विश्वास ठेवायचा तो गरमवर.

तापवायचं म्हणजे जागेवर इंजिन घुरघुरत ठेवायचं नाही. त्याने इंजिन तापतं, गिअरबॉक्सचं तेल मागे राहतं. गाडी फिरवून आणा, पंधरा-वीस मिनिटं तरी. मी रविवारी सकाळी ऐरोली पुलावरून पलीकडे जाऊन वळून येते. ऑक्टोबर २०२४पासून लहान गाड्यांना मुंबईच्या वेशीवरचा टोल माफ झाल्याने हा फेरा आता फुकट पडतो. पण घाट चढून आल्याआल्या किंवा दोन तास ट्रॅफिकमध्ये शिजल्यावर लगेच मोजू नका. तेव्हा तेल गरजेपेक्षा जास्त तापलेलं असतं आणि लेव्हल वर दिसते. अर्धा तास गाडी शांत उभी राहू द्या, मग पुन्हा थोडी फिरवा.

परत आल्यावर सरळ जागी लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, मागच्या चाकाला वीट लावा. पाय ब्रेकवर दाबून धरा आणि इंजिन चालू असतानाच लिव्हर सावकाश प्रत्येक ठिकाणी न्या: पी, आर, एन, डी, त्याखाली जे असेल ते, आणि उलटं परत पी. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा. याने तेल आतल्या सगळ्या वाटांमध्ये भरतं. हे करताना कान आणि बूड दोन्ही जागे ठेवा. डी किंवा आर टाकल्यावर गाडीला हलका हिसका लगेच बसायला हवा. टाकलं, एक-दोन सेकंद काहीच नाही, आणि मग धप्प, असं होत असेल तर ते टिपून ठेवा. तेल कमी असण्याची ती जुनी खूण आहे.

आता पुढची पायरी गाडीच्या कंपनीवर अवलंबून आहे, आणि हिच्यावरून गॅरेजात सर्वांत जास्त वाद होतात. बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून, लिव्हर पीमध्ये असताना पट्टी काढायची असते, कारण पंप फिरत असताना तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये असतं आणि तळात जे उरतं तेच मोजायचं असतं. होंडाच्या या जुन्या ऑटोमॅटिकचं उलटं आहे. तिथे रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होईपर्यंत इंजिन तापू द्यायचं, मग इंजिन बंद करायचं, आणि बंद केल्यापासून साधारण ६० सेकंदांनी पट्टी काढायची, ९० सेकंदांच्या आत. त्याहून उशीर केला तर वरचं तेल खाली निथळतं आणि लेव्हल खोटी चढलेली दिसते. पंख्याची वाट बघताना एसी बंद ठेवा. एसी चालू असला की पंखा एसीसाठीच फिरतो आणि आपण उगाच खूश होतो.

लॅबमध्ये रक्त गोठायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघणाऱ्या बाईला ही तीस सेकंदांची खिडकी आवडली नसती तरच नवल. मी फोनवर टायमर लावते. पण साठ सेकंद होईपर्यंत पट्टी कुठे आहे ते शोधत बसलात तर गेलं. आधी गार इंजिनावर एकदा हात घालून रस्ता पाठ करून ठेवा. गरम असताना तिथले पाइप चटका देतात.

पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत खुपसा, परत काढा. पहिल्या उपसण्याला अर्थ नाही, नळीच्या भिंतीवरचं तेल तिला फासलेलं असतं. दुसऱ्या वेळी पट्टीच्या दोन्ही बाजू बघा. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसलं तर कमीवाली खरी. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये कुठेही असली तरी ठीक. वरच्या खुणेलाच टेकली पाहिजे असा आग्रह धरणारे लोक असतात, त्यांच्या घरी कणकेचा डबाही काठोकाठ असतो. सोडून द्या.

टीपकागदावरचा डाग

लेव्हल बघून पट्टी परत खुपसतात तिथे लोक अर्धीच तपासणी करतात. पट्टीच्या टोकाला जो थेंब आहे तो फुकट मिळालेला नमुना आहे.

मी तो टीपकागदावर टेकवते. लॅबमधला गोल फिल्टर पेपर मिळाला तर झकास, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा टीपकागद चालतो. चकचकीत कागद नको, त्यावर थेंब पसरत नाही. टेकवून कागद सपाट ठेवा आणि अर्धा तास त्याच्याकडे बघू नका. चहा घ्या.

चांगल्या तेलाचा डाग मोठा होतो, गोल आणि एकसारखा, कडेला फिकट होत जाणारा. नवं असेल तर लालसर गुलाबी, वापरलेलं असेल तर विटकरीकडे झुकलेला. नुसता रंग गडद झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, उष्णतेने तो होतोच. बघायचं ते पसरणं. तेल म्हातारं झालं की मधे काळपट ठिपका बसून राहतो आणि बाहेरचं कडं तेवढं पुढे सरकतं, कारण झिजलेल्या प्लेटांचा बारीक चुरा आणि जळका राळेसारखा अंश कागदाच्या मधोमध अडकतो. ठिपका जितका लहान, गडद आणि कडेला तुटक, तितकी तेल बदलायची वेळ जवळ आली. मधल्या ठिपक्यावर टॉर्च तिरका धरा. चमचम करणारे कण दिसले तर तेल बदलून भागणार नाही, आत धातूला धातू घासतोय, गॅरेज गाठा.

प्रत्येक डागाखाली मी तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहिते आणि कागद वहीत चिकटवते. एकट्या डागावरून फार काही ठरत नाही. ओळीने चार-पाच डाग असले की कुठला बदल वयाचा आणि कुठला आजाराचा हे अडाण्यालाही दिसतं. सून या वहीला "आईंचं रिपोर्ट बुक" म्हणते. म्हणू दे. आमचा गॅरेजवाला आता तेल बदलायचं म्हटलं की आधी वही मागतो.

वासासाठी थेंब बोटांमध्ये चोळून नाकाशी न्या. ताज्या तेलाला फारसा वास नसतो, असलाच तर यंत्रांच्या दुकानात असतो तसा सौम्य. करपलेला वास आला तर ओळखायला अडचण येणार नाही. खंडाळ्याच्या चढावर लोड घेतलेला ट्रक क्लचवर धरलेला असताना जो वास गाडीत शिरतो, तोच. आतल्या क्लचच्या प्लेटा घसरून जळल्याचा तो वास आहे. काळं तेल आणि करपट वास एकत्र आले की गिअरबॉक्सवाल्याला दाखवायचं. तेव्हा कुणीतरी हमखास सांगतं, "जुनं तेल बदलू नका काकू, बदललं की गिअरबॉक्स बसतो." तेल बदलल्यावर बसणारा गिअरबॉक्स आधीच बसलेला असतो, असं माझं मत आहे. जुन्या तेलातल्या चुऱ्याच्या आधाराने तो चार दिवस उभा होता इतकंच.

पावसाळा

तिसरा रंग वेगळा काढते, कारण तो आपल्या शहराचा आहे. पट्टीवर तेल फालुद्यासारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

ते दोन वाटांनी जातं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करणारी नळी रेडिएटरच्या आतच असते. ती आतून फुटली की कूलंट तेलात आणि तेल कूलंटमध्ये. अशा वेळी कूलंटच्या बाटलीतही तेलकट साय दिसते, ती बाटली बघायला पट्टी लागत नाही. दुसरी वाट पाऊस. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करायला एक छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स हिंदमाताच्या किंवा मिलन सबवेच्या गुडघाभर पाण्यात बुडला की आतली हवा एकदम आकसते, आणि त्या नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर ती पाणीच ओढून घेते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण तेवढा पाऊस लागत नाही. आपल्याकडे भरतीच्या वेळी जोराची एक सर पुरते.

थोडंसं पाणीही घातक, कारण क्लचच्या प्लेटांवरचा घर्षणाचा थर चिकटवलेला असतो आणि पाण्याने ती चिकट सुटते. म्हणून गाडी खोल पाण्यातून काढावी लागली असेल तर दुसऱ्याच दिवशी पट्टी काढा, महिन्याची वाट बघू नका. दुधाळ दिसलं तर इंजिन चालू न करता गाडी उचलून न्यायला सांगा, आणि उचलून म्हणजे सपाट पाठीच्या गाडीवर. ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून, चालणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढत न्यायची नाही. इंजिन बंद असलं की आतला पंप बंद, आणि चाकांबरोबर गिअर मात्र कोरडे फिरत राहतात. सिटीसारख्या गाडीत चालणारी चाकं पुढची, इनोव्हा क्रिस्टासारखीत मागची. टोइंगवाल्याला हे माहीत असेल असं धरून चालू नका.

कमी निघालं तर

आधी जमीन बघा. रात्री गाडीखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा पसरा, गिअरबॉक्सच्या खाली येईल असा, आणि पुढचा टायर कुठे होता त्याची पेनाने खूण करा. सकाळी डाग कुठल्या जागी आहे त्यावरून अर्धा शोध लागतो. एसीचं पाणी बिनरंगी असतं आणि वाळून जातं, त्याला घाबरू नका. काळा-तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. लाल आणि तेलकट असेल तर गिअरबॉक्सचं तेल, पण जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगलाही हेच तेल असतं. आमच्या सिटीचं स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यामुळे संशयित एकच. टोयोटाचा कूलंट लालसर असतो. तो बोटाला पाण्यासारखा लागतो, तेलासारखा निसरडा नाही.

गळतीच्या नेहमीच्या जागा म्हणजे एक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथली सील, तेल सोडायच्या बोल्टखालचा वॉशर, तळाची पॅन असेल तर तिचं गॅस्केट, आणि कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांचे क्लॅम्प. वॉशर हा चिल्लर भाग आहे, तेल बदलताना नवाच टाकायचा असतो. जुनाच उलटा करून लावण्याची बचत गॅरेजात चालते, आणि मग पुठ्ठ्यावर रोज एक लाल टिकली.

गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत तेल भरावं लागलं तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. होंडाच्या आमच्या पिढीच्या गाड्यांना एटीएफ (म्हणजे ऑटोमॅटिकचं गिअरतेल) डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या सहा गिअरवाल्यांना एसपी-४, असं प्रत्येकाचं नाव ठरलेलं आहे. दिसायला सगळी लाल. फरक असतो तो क्लचच्या प्लेटांना किती घसरू द्यायचं आणि किती पकडू द्यायचं हे ठरवणाऱ्या रसायनांत. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं सांगून सुटं तेल देणाऱ्या काउंटरवर वाद घालत बसू नका, सीलबंद डबा मागा आणि सील स्वतः तोडा.

भरताना १०० मिलिलिटरच्या वर एका वेळी नाही. बारीक तोंडाचं नरसाळं, स्वयंपाकघरातलं नको, ते परत जाणार नाही. काही गाड्यांत पट्टीच्या नळीतूनच भरतात, काहींत वेगळा बोल्ट असतो. ओतलं की लिव्हर पुन्हा सगळ्या ठिकाणी फिरवायचा आणि पहिल्यापासून सगळं मोजायचं. कंटाळवाणं आहे. पण जास्त झालेलं तेल फिरत्या गिअरमध्ये सापडून फेसाळतं, फेसात हवा असते, हवा दाबली जाते, आणि क्लच नीट आवळले जात नाहीत. म्हणजे कमी तेलाची आणि जास्त तेलाची लक्षणं शेवटी एकच. काढायचं तर खालचा बोल्ट खोलावा लागतो. त्यापेक्षा थोडं थोडं बरं.

ज्यांना पट्टीच नाही

डोंबिवलीच्या माझ्या भाच्याकडे इनोव्हा क्रिस्टा आहे. पट्टी नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ती पेटी सील्ड आहे, तेलाकडे बघायचंच नाही. सील्ड म्हणजे तेल अमर नव्हे, फक्त आपल्यासारख्यांनी हात घालू नये म्हणून पट्टी काढून टाकली आहे. अशा गिअरबॉक्सच्या तळाशी एक बोल्ट असतो. गाडी लिफ्टवर चारही चाकांनी सरळ उचलायची, गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून तेलाचं तापमान वाचायचं, इंजिन चालू ठेवायचं, आणि कंपनीने दिलेल्या तापमानाला तो बोल्ट खोलायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. काहीच आलं नाही तर कमी आहे.

बऱ्याच गाड्यांत हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं, आणि इथे मुंबई आडवी येते. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी सुरू करायच्या आधीच पस्तिशीला पोचलेली असते, आणि बाहेरून चालवत आणलेली असेल तर कधीच पुढे निघून गेलेली. मेकॅनिक बोल्ट खोलेपर्यंत ती तापमानाची खिडकी बंद. भाच्याला मी सांगितलं, गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात टाक, रात्रभर गार होऊ दे, आणि सकाळची पहिली गाडी तुझी धरायला सांग. आणि काम चालू असताना तिथे उभा राहा. स्कॅनर न लावता "हाताने कळतं" म्हणणाऱ्याकडून हे करून घेऊ नये.

तपासायचं किती वेळा? पट्टी असेल तर मी पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि गणपतीला कोकणात जायच्या आधी बघते. भरलेली गाडी, कशेडीचा चढ आणि एसी हे तिन्ही एकदम येतात तेव्हा तेल कुरकुरलेलं असू नये. तेल बदलायचं वेळापत्रक मॅन्युअलमध्ये बहुधा दोन दिलेली असतात, एक साधं आणि एक कठीण वापराचं. थांबत थांबत चालणारी, उकाड्यातली गाडी कठीणमध्ये मोडते. मुंबईत राहणाऱ्याने पहिलं वेळापत्रक वाचूच नये.

बदलताना हे लक्षात ठेवा की बोल्ट खोलून जे पडतं ते सगळं तेल नसतं. बराच वाटा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून बदलल्यावर पट्टीवर पुन्हा विटकरी छटा दिसली तर गॅरेजवाल्याने फसवलं असं लगेच धरू नका. फार जुनं तेल असेल तर थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा-दोनदा बदलावं लागतं. बोल्टला चुंबक असतं, ते तुमच्यासमोर पुसायला सांगा. राखाडी मऊ लेप असणं ठीक. नखाला टोचेल असा तुकडा निघाला तर तो कागदात गुंडाळून जवळ ठेवा, पुढच्या गॅरेजवाल्याला दाखवायला.

निघालेलं तेल मोजायला सांगा, आधी लेव्हल बरोबर असेल तर जितकं निघालं तितकंच आत गेलं पाहिजे. आणि ते जुनं तेल सोसायटीच्या गटारात नको, ते नाल्यातून थेट खाडीत जातं. गॅरेजात जुन्या तेलाचं पिंप असतं, त्यातच ओतायला लावा. घरी डब्यात साठलं असेल तर झाकण लावून तिथे नेऊन द्या, कुणी नाही म्हणत नाही. बिलावर तेलाचं पूर्ण नाव आणि लिटर लिहून घ्या. "ऑइल १ नग" असं लिहून देत असतील तर तिथेच उभं राहून दुसरं बिल मागा.